केर तोलणारे अप्पा

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की बीदर जिल्ह्यातल्या भालकी गावात, बसस्टँडच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत, शहाबादी फरशीच्या एका हॉलमध्ये, केर काढणाऱ्या एका गोल यंत्राची सलग दहा दिवस सरकारी पद्धतीनं चौकशी झाली. चौकशीला तराजू होता, पितळी वजनं होती, पंच होते, पंचनामा होता. आरोपीला आपली बाजू मांडायची संधीही दिली होती. ती त्यानं पलंगाखाली जाऊन अडकून वाया घालवली. या चौकशीची नोंद कुठल्याही कार्यालयात सापडणार नाही. ती करायची जबाबदारी माझ्यावर येते, कारण ते यंत्र मागवलं होतं मी, आणि निकालाच्या वेळी हातात फडा घेऊन उभीही मीच होते.

चौकशी करणारे गृहस्थ म्हणजे आमचे घरमालक. त्यांचं नाव मी सांगणार नाही. अख्खी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, आपणही अप्पाच म्हणू. मी मूळची उदगीरची. भालकीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागले तेव्हा नवऱ्याची नोकरी लातूरला होती, म्हणून मी अप्पांच्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या आणि तिथं आठ वर्षं राहिले. अप्पा वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी बाजार पालथे घातले, दुकानदारांची वजनं तपासली, खऱ्यांवर शिक्का मारला, खोटी जप्त केली. शेवटच्या दिवशी खात्यानं हार घातला, शाल दिली. अप्पांनी ते सगळं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तपासणी तशीच पुढं चालू ठेवली. आता बाजाराऐवजी घर होतं, एवढाच फरक.

राहायला आले त्या दिवशीच मी त्यांना विचारलं होतं, “अप्पा, नळाला पाणी साधारण कधी येतं?”

“साधारण म्हणजे?”

“म्हणजे अंदाजे.”

“अंदाजे म्हणजे?”

अप्पांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. “सहा चाळीसला येतंय, सात पाचला जातंय. परवा सात आठला गेलं. अंदाज वेगळा आन् वजन वेगळं, बाई. शाळेत पोरांना साधारण किती मार्क देताव?”

खांद्याला कायम एक कापडी पिशवी. पिशवीत लाकडी पेटी, पेटीत हातात धरून तोलायचा लहानसा पितळी तराजू आणि वजनांची ओळ. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत शहाण्या भावंडांसारखी बसलेली, शेवटचं तर नखाएवढं. ही पिशवी घेऊन ते देवळात जायचे, दवाखान्यात जायचे, लग्नाला जायचे. एका लग्नात त्यांनी पंगतीतला बुंदीचा लाडू हळूच तोलला, मग उठून शेजारच्या पंगतीतला तोलला, आणि नवरीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, “व्याह्यांच्या पंगतीतला लाडू चार ग्रॅमनं जड हाय. चुकून झालंय का मुद्दाम?” त्या बापानं खरोखरच दोन आकारांचे लाडू वळून घेतले होते. बिचारा पुढं कितीतरी दिवस अप्पा दिसले की गल्ली बदलायचा.

जनवाड्याच्या बाजारातली गोष्ट तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, मला इतक्या वेळा सांगितली की मी स्वतः तिथं हजर होते असं मला आता वाटतं. एका भाजीवालीनं पलड्याच्या खाली चिंचेचा गोळा चिकटवला होता. काटा मारायची जुनी युक्ती. अप्पांनी तो नखानं खरवडून काढला, तोलला आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘चिंच, बी काढलेली, वजन अकरा ग्रॅम, जुनी, उत्तम प्रतीची.’ भाजीवाली म्हणाली, “सायेब, चिंच तरी परत द्या, घरात आमटीला न्हाई.” अप्पांनी तिला समजावून सांगितलं की चिंच आता सरकारी पुरावा आहे आणि पुराव्याची आमटी होत नाही. मग संध्याकाळी घरून तेवढीच, अकरा ग्रॅम तोलून, चिंच नेऊन दिली.

ही झाली हसायची बाजू. आता जी सांगते तिथं मी हसत नाही.

माझी लेक आठव्या महिन्यातच जन्माला आली. मुठीएवढी होती. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय का यावर लक्ष ठेवा. अप्पांनी ते ऐकलं आणि कुठल्याशा लिलावात घेतलेला दोन पलड्यांचा मोठा तराजू माळ्यावरून काढून, घासून, गॅलरीच्या हुकाला टांगला. एका पलड्यात निवृत्तीची शाल चौघडी करून घातली. दर रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझी लेक त्या शालीत निजायची आणि समोरच्या पलड्यात वजनं चढायची. अप्पा ‘छान’ म्हणायचे नाहीत, ‘गोड आहे’ म्हणायचे नाहीत. फक्त आकडा सांगायचे. त्या आकड्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

एका रविवारी आकडा साठ ग्रॅमनं खाली आला.

“अप्पा, परत बघा.”

“दोन डाव बघितलंय.”

“सासूबाईंचा फोन येईल आता. वाढलंय म्हणून सांगा ना. एक डाव खोटं बोललात तर काय होतंय?” मी रडकुंडीला आले होते.

“एक डाव खोटं बोललो,” अप्पा म्हणाले, “तर पुढच्या ऐतवारी तुम्ही माझ्या काट्यावर इस्वास ठेवणार न्हाई. आन् तवा पोरगी खरंच वाढलेली असली तर?”

एवढं बोलून ते खाली गेले आणि ऑटो घेऊन आले. बीदरच्या डॉक्टरांनी तपासलं तर पोरीला लघवीत जंतुसंसर्ग. ताप अजून आला नव्हता. लवकर आणलंत, ते म्हणाले. ती लेक आता दहा वर्षांची आहे, दोन वेण्या घालते आणि माझ्याशी वाद घालते. दर वाढदिवसाला अप्पांचा फोन येतो. ‘जुग जुग जग’ वगैरे काही नाही. थेट, “वजन किती?” ती आता सांगत नाही. “अप्पा, मुलींना असं विचारत नसतात,” म्हणते. पलीकडं ते बहुतेक हा नियम कुठल्या कायद्यात आहे ते आठवत असतात.

अशा माणसाच्या संसारात अक्का होत्या, आणि अक्का सगळं हातानं मापायच्या. मूठभर, चिमूटभर, ओंजळभर, डोळ्याला दिसेल तेवढं. दोघांत पहिल्या वर्षीच तह झाला असावा, कारण अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तराजू ठेवायचे आणि मग आत जायचे. “आतलं माझ्या हद्दीत येत न्हाई,” म्हणायचे. अक्का माझ्याशी मराठी बोलायच्या, अप्पांशी कानडी, आणि मला तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण.

घर लिंगायताचं. त्यांच्याकडं आपल्या वाट्याला आलेल्या कामाला कायक म्हणतात. ते पूजेइतकंच मानायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं नाही. अक्कांचं कायक म्हणजे घर झाडणं. पहाटे उठून, पूजेच्या आधी, हातात शिंदीचा फडा घेऊन, कमरेत वाकून चारही खोल्या. त्या झाडताना फरशीवर फड्याचा जो आवाज व्हायचा तो माझा आठ वर्षांचा गजर होता.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर अक्का हॉलच्या मध्यभागी दोन हात आणि दोन गुडघ्यांवर. फडा हातात. ना वर येता येत होतं ना खाली बसता.

“अक्का, काय करायलाव हे?”

“काय न्हाई. फरशी बघायलेय.”

अर्धा तास त्या फरशी बघत होत्या. अप्पा बाजारात गेलेले. मी आणि समोरच्या किराणावाल्याच्या बायकोनं मिळून त्यांना उचललं. बीदरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की मणक्याची गादी सरकली आहे. वाकणं कायमचं बंद. पुन्हा असं झालं तर पायातली ताकद जाईल आणि मग अंथरूण. अक्का म्हणाल्या, “बरं. झाडायचं सोडून बाकी सगळं बंद करते.”

आम्ही सगळे उपाय केले. कामवाली लावली, ती यायच्या आधी अक्का लपून झाडून घ्यायच्या, परक्या बाईला घरातली घाण कशी दाखवायची म्हणून. मी उभ्यानं झाडायचा लांब दांड्याचा झाडू आणला, त्यांनी तो दोन दिवस हातात धरला आणि म्हणाल्या, “देवाला लांबून हाक मारल्यासारखं वाटायलंय.” अप्पांनी स्वतः फडा घेतला. अक्का खुर्चीत बसून बघत राहिल्या आणि अप्पांची पाठ वळताच उठून तेवढाच तुकडा पुन्हा झाडला. त्या दिवशी रात्रभर त्यांना कूस वळता आली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा माडीवर आले. जिना चढून ते कधी येत नसत. दारात उभे राहिले. “बाई, तुमच्या फोनवर ते आपोआप झाडायचं यंत्र दिसतंय म्हणं.”

आम्ही तीन दिवस यंत्रं बघितली. महागातलं यंत्र घराचा नकाशा काढून ठेवतं हे ऐकून अप्पा म्हणाले, “चार खोल्यांचा नकाशा कशाला? त्याला काय घर इकायचंय?” खाली लोकांनी दिलेले तारे होते, साडेचार, चार पूर्णांक तीन. “हे तारे कुणी तोलले?” असं विचारून त्यांनी ते बाजूला सारले. शेवटी परवडणाऱ्यातलं एक ठरलं: नकाशा नाही, भिंतीला धडकायचं, वळायचं, पुन्हा धडकायचं. आवडलं नाही तर दहा दिवसांत परत. “दहा दिवस पुरे,” अप्पा म्हणाले. “दहा दिवसांत माणूस कळतो.”

अक्कांनी खोका उघडताना बघितलं आणि आपली अट सांगितली. आधी हे यंत्र फिरू दे. मग त्याच्या मागून माझा फडा फिरेल. फड्याला तोळाभराच्या आत केर मिळाला तर मी फडा खाली ठेवते. जास्त मिळाला तर यंत्र परत, आणि पुन्हा कुणी मला झाडू नको म्हणायचं नाही. मरेपर्यंत नाही.

“तोळा कायद्यानं बंद हाय,” अप्पा म्हणाले.

“मग तुमच्या भाषेत सांगा.”

“दहा ग्रॅम.”

“दहा ग्रॅम. तुमचा तराजू, तुमचा हात. तुम्ही तोलताव ते मला मान्य,” अक्का म्हणाल्या.

मला तेव्हाच जाणवलं की हा सौदा वाटतो तितका सोपा नाही. डॉक्टर सांगून थकले होते, त्यांचा पोरगा बेंगळुरूहून फोन करून थकला होता. अक्का जगात एकाच गोष्टीचं ऐकणार होत्या, आणि ती गोष्ट आजवर कुणासाठी एका ग्रॅमनं हलली नव्हती.

पहिल्या दिवशी यंत्र चालू केलं तर ते बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी बोललं. अक्कांनी मान हलवून उत्तर दिलं, “हूं, माडप्पा.” म्हणजे ‘कर बाबा’. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव आमे ठेवलं, कानडीत कासव. आमे निघाली, सोफ्याला धडकली, वळली, टीपॉयला धडकली, वळली, आणि पलंगाखाली जाऊन बोंबलू लागली. तिथं मच्छरदाणीची दोरी होती.

मग अप्पांनी पद्धतशीर काम सुरू केलं. फरशीच्या एका चौकोनात वीस ग्रॅम ज्वारीचं पीठ तोलून पसरलं. आमे त्यावरून तीन वेळा गेली. तिच्या पोटातला डबा काढून झटकला, तोलला. तेरा ग्रॅम.

अप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. “सात ग्रॅम कुठं गेलं?”

आमे गप्प.

“तीस वर्षं मी हाच प्रश्न इचारलोय,” ते मला म्हणाले, “आन् समोरचा असाच बघत असतोय.”

सात ग्रॅम पीठ फरशीच्या सांध्यांत बसलं होतं. शहाबादीचे सांधे रुंद, आणि यंत्राची ओढ तिथवर पोचत नव्हती. भालकीची काळी माती तिनं बऱ्यापैकी उचलली. बीदरहून मुद्दाम आणलेली लाल माती ती नुसतीच पसरायची आणि मागं कुंकवाचे पट्टे ओढल्यासारखी जायची. अक्कांचे केस तिच्या ब्रशला गुंडाळले जायचे. चौथ्या दिवशी ती मागच्या खोलीत वाळत घातलेल्या तुरीत घुसली आणि दाढ दुखल्यासारखी कण्हत थांबली. अप्पांनी पोट उघडून तुरीचा एकेक दाणा काढला. “वाकून बघा तरी, कोंबडीसारखी भरलीय,” अक्का म्हणाल्या. त्यांना ती आवडायला लागली होती असं नाही, पण बोलायला कुणीतरी मिळालं होतं.

पाचव्या दिवसापासून मला अप्पांचं काहीतरी निराळं दिसायला लागलं. त्यांनी पांढरं सिमेंट आणलं आणि फरशीचे सांधे बुजवायला बसले.

“अप्पा, तपासणी करायलाव का मदत?”

“फरशी खराब झालती. कधीपासून करायचं होतं.”

मग त्यांनी पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या, दोऱ्या बांधल्या, पायपुसणी उचलली, उंबऱ्याला लाकडाचा उतार करून दिला. सकाळी अंघोळीच्या आधी ते जुन्या दातांच्या ब्रशनं आमेचा ब्रश साफ करायचे. परीक्षकानंच पोराच्या घरी जाऊन शिकवणी घ्यावी तसं चाललं होतं. मी चेष्टा केली की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. आणि रोज दुपारी, अक्का झोपल्या की, मी फडा फिरवायची आणि ते गुपचूप तोलायचे. सतरा ग्रॅम. पंधरा. सोळा. तेरा. नवव्या दिवशी साडेअकरा आले तेव्हा त्यांनी तराजू पेटीत ठेवला आणि बराच वेळ पेटीचं झाकण लावलं नाही.

“दीड ग्रॅमचा प्रश्न हाय, बाई,” म्हणाले.

“उद्या होईल, अप्पा.”

“साधारण?” ते म्हणाले, आणि हसले. मला त्यांचं ते हसू बघवलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळपासून गल्लीतून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मुख्य रस्त्यावर काहीतरी खोदून ठेवलं होतं म्हणून सगळे आमच्या दारावरून वळले. धूळ अशी, की शाळेत निघालेल्या पोरांच्या भुवया पांढऱ्या. अप्पा दारं लावत फिरत होते, पण धूळ कुठल्या दाराला विचारून येते? नियमाप्रमाणं दोन पंच लागतात. एक मी. दुसरा समोरचा किराणावाला, ज्याला अप्पांनी नोकरीत असताना दोनदा खोट्या वजनांसाठी धरलं होतं. अप्पांचा सगळा किराणा त्याच्याकडूनच यायचा. “दोनदा सापडलेला माणूस आता खरं तोलतोय,” असं त्यांचं मत.

आमे पाऊण तास फिरली. धडकली, वळली, धडकली, वळली. सगळे भिंतीला टेकून उभे होतो, अक्का मधल्या खुर्चीत. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि इंग्रजीत काम झाल्याचं सांगितलं. अक्कांनी आपला फडा माझ्या हातात दिला.

“कपाटाच्या मागं, तंगी. आणखी मागं. तिथं माझी सासू बी पोचत नव्हती, मी पोचायची. आता दाराचा कोपरा. हलक्या हातानं, फडा हाय, कुदळ न्हाई.”

मी त्यांच्या हुकमानं वाकले, सरपटले, एकेक कोपरा काढला. लबाडी करायची माझी फार इच्छा होती. पण त्यांचे डोळे माझ्या मनगटावर होते. सगळा केर वर्तमानपत्रावर गोळा झाला आणि मी तो बघितला. आठ वर्षं त्या घरात राहून माझ्याही डोळ्यात तराजू बसला होता. पंधराच्या खाली नव्हता. किराणावाल्यानंही बघितला, आणि हळूच खाली मान घातली.

अप्पांनी डाव्या हातात तराजू धरला. एका पलड्यात दहा ग्रॅमचं वजन ठेवलं, दुसऱ्यात केर ओतला. केराचं पलडं खाली गेलं. नुसतं खाली नाही, धपकन.

बाहेर एक ट्रॅक्टर गेला.

“वारा लागायलाय,” अप्पा म्हणाले. “पंखा बंद करा.”

पंखा बंदच होता. किराणावाला पुढं झाला, त्यानं बटण एकदा चालू केलं, एकदा बंद केलं आणि परत भिंतीला टेकला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे.

अप्पांनी तराजू पुन्हा उचलला. या वेळी त्यांची डावी करंगळी जराशी लांब झाली आणि वजनाच्या पलड्याच्या दोरीवर येऊन टेकली. पलडं हललं, थांबलं, मग सावकाश खाली आलं. केराचं वर गेलं.

“दहाच्या आत,” अप्पा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. कान लाल झाले होते. “पास.”

त्यांनी पंचनामा लिहिला. किराणावाल्यानं कानडीत सही ठोकली, वाचलंसुद्धा नाही. मी मराठीत केली. वर्गात शेजारच्या पोराच्या वहीत डोकावणाऱ्याला मी बाकावर उभं करते. त्या कागदावर मी इतक्या वळणदार अक्षरात सही केली की तशी नियुक्तीपत्रावरही केली नव्हती. करताना माझी लेक आठवली, शालीतली. माझ्या रडण्यासाठी हा माणूस साठ ग्रॅम हलला नव्हता, आणि तो हलला नाही म्हणून ती जगली. मी त्याचे उपकार कधी मोजू शकले नाही, तोलायला तर त्याचाच तराजू लागला असता. आणि आज तोच माणूस समोर उभा होता, चोरी पकडली गेलेल्या दुकानदारासारखा, करंगळी अजून दोरीवर. ती काढायची राहिली होती. सवय नव्हती ना.

अक्का खुर्चीतून उठल्या. ‘परत तोला’ एवढं एकच वाक्य, आणि यंत्र खोक्यात गेलं असतं, अक्का फड्यावर गेल्या असत्या, आणि मग पुढं काय ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्या तराजूपाशी आल्या. केराकडं बघितलं. पलड्याकडं बघितलं. मग त्या करंगळीकडं, बराच वेळ. अप्पांनी मान वर केली नाही.

अक्कांनी माझ्या हातातून फडा घेतला आणि किराणावाल्याच्या हातात दिला. “माळ्यावर टाका. लांब. माझा हात पोचणार न्हाई असा.” त्यानं स्टूल घेऊन टाकला. तो फडा पुन्हा खाली आला नाही. मी भालकी सोडली तेव्हाही आमे त्या फरशीवर धडकत, वळत फिरत होती आणि अक्का खुर्चीत पाय वर घेऊन कानडीत तिच्या चुका काढत होत्या.

पण तो दिवस अजून संपलेला नव्हता. अक्का ताठ कमरेनं दारापर्यंत चालत गेल्या. समोरच्या दुकानात किराणावाल्याची बायको केव्हाची ताटकळत उभी होती, निकाल काय लागला म्हणून. अक्का उंबऱ्याच्या बाहेर कधी आवाज चढवून बोललेल्या मी आठ वर्षांत ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी धुळीनं भरलेल्या त्या गल्लीत, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, नुकतंच लग्न झालेल्या पोरीसारख्या तोंडानं त्या म्हणाल्या,

“अगं, ऐकलीस का, ह्यांनी काटा मारला. जन्मात पयल्यांदा मारला, आन् माझ्यापायी मारला.”